बारदान वजा

बुधवारी पाळकांनी कपाळावर
राखेचा अंगठा टेकवला.
गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख,
देवळामागे पत्र्याच्या डब्यात जाळलेली.
ती तशीच घेऊन मी यार्डात आलो,
काट्यापाशी उभा राहिलो.
दुपारपर्यंत घाम आला, वर हळदीची धूळ बसली,
आणि पेढीच्या आरशात पाहिलं
तर ना राख होती ना हळद,
नुसता एक पिवळट काळा डाग,
जुना मार बरा होताना दिसतो तसा.

बावीस वर्षं सांगलीच्या यार्डात तोलाई करतोय.
हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी.
पोतं चढवायचं, आकडा ओरडायचा,
बारदान वजा करायचं.
हात असा बसलाय
की पोत्याला गुडघा लावून सांगतो
आत ओल किती आहे.

घरी सुवार्तानं विचारलं,
"या चाळीस दिवसांत काय सोडणार?"
म्हटलं, चहा. आणि मटण.
ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,
"गेल्या वर्षीही चहाच सोडला होतास.
ईस्टरच्या पहाटे सहाला परत धरलास."
तव्यावर भाकरी फुगली. पुढं ती बोलली नाही.
तिला ठाऊक आहे,
प्रभूच्या प्रार्थनेत एका ओळीवर
माझे ओठ नुसतेच हलतात.

सतरा वर्षांपूर्वी गोदामात
दोन पोती कमी भरली.
शेटनं विचारलं, रात्री कोण होतं?
मी होतो. किल्ली माझ्याकडं होती.
मागचं दार मीच उघडं विसरलो होतो.
मी म्हणालो, दस्तगीर.
एवढंच. एक नाव.
ते काट्यावर घालून पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याचा बिल्ला काढून घेतला.
जाताना माझ्याकडं वळून म्हणाला,
"इमानभाऊ, तू तरी सांग की."
माझं नाव इम्मानुएल.
सगळ्या यार्डात तोच एक
असं अर्धं करून हाक मारायचा.

यंदा त्याचे रोजे आणि आमचा उपवासकाळ
एकाच आठवड्यात लागले.
चौथ्या शुक्रवारी मी मिरजेची बस धरली.
दिवस कलला होता.
दारात बसून तो जुनी बारदानं शिवत होता,
मांडीवर फाटकं पोतं, हातात दाभण, दातात सुतळी.
मला पाहून त्यानं दाभण थांबवली नाही.

पाठ करून आणलेलं सगळं विसरलो.
म्हणालो, ते दार मी उघडं टाकलं होतं.

एक टाका. दुसरा टाका.
"माहीत होतं मला," तो म्हणाला.
"मी काय आंधळा होतो व्हय?
थोरल्याची शाळा सुटली त्या साली.
आता कोल्हापुरात टेम्पो चालवतो.
त्याला जाऊन सांग. माझं काय,
माझं कवाच फाटून शिवून झालंय."

मग अजान झाली.
त्यानं ताट पुढं ओढलं,
एक खजूर स्वतः उचलला,
एक माझ्यासमोर सरकवला.
माफ केलं, असं तो म्हणाला नाही.
मीही विचारलं नाही.
खजूर गोड होता. बी
कृष्णेचा पूल येईपर्यंत तोंडातच राहिली.

थोरला म्हणजे बशीर.
एकदा बापाचा डबा घेऊन यार्डात आला होता,
मी गमतीनं त्याला काट्यावर उभं केलं
आणि सगळ्या हमालांना ऐकू जाईल असं ओरडलो:
एकवीस किलो, बारदान काही वजा नाही!
पोरगं केवढं हसलं होतं.

रात्री सुवार्ता जागीच होती.
विचारलं, कोल्हापूरची पहिली एसटी कितीला आहे?
ती उठली, माझा बरा सदरा काढला,
सुईत दोरा ओवला
आणि दिव्याखाली बसून
तुटलेलं बटण लावायला घेतलं.